कर्बतंतूंच्या वस्तूंना उष्णतेचा संस्कार

मडके वाळले म्हणून कुंभार ते लगेच बाजारात नेत नाही. आव्यात भाजल्यावरच ते पाण्याला टिकते. घरच्या घरी कर्बतंतूंच्या, म्हणजे कार्बन फायबरच्या, वस्तू घडविणाऱ्या तरुणांनी व तंत्रशाळांतील विद्यार्थ्यांनी हीच गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

कर्बतंतूंचे कापड साच्यावर अंथरून त्यात इपॉक्सी राळ व हार्डनर यांचे मिश्रण मुरवितात. एका दिवसात वस्तू हाताला कठीण लागते. तथापि राळेच्या रेणूंची गुंफण तेव्हा अपुरीच असते. साध्या हवेत घट्ट झालेल्या पुष्कळशा इपॉक्सी राळा ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या सुमारास पुन्हा मऊ पडू लागतात. काळी वस्तू वैशाखातील उन्हात तेवढी सहज तापते. मग तंतू शाबूत असूनही ती वाकते. ती सायकलचे हँडल असेल, तर स्वाराच्या जिवावर बेतते.

यावर उपाय म्हणजे बेताची उष्णता. राळेच्या उत्पादकाने पत्रकात दिलेले तापमान व अवधी प्रमाण मानावे. सर्वसाधारणपणे वस्तू प्रथम साध्या हवेत घट्ट होऊ द्यावी. नंतर उष्णता टप्प्याटप्प्याने वाढवून ६० ते ८० अंशांवर काही तास स्थिर ठेवावी व वस्तू बंद पेटीतच निवू द्यावी. घाई केल्यास राळ पक्की होण्यापूर्वीच मऊ पडते आणि आकार बिघडतो. यास्तव वस्तू साच्यासह तापविणे श्रेयस्कर. साचा ती उष्णता सोसेल किंवा कसे, हेही आधी पाहावे. तापमापक पेटीतील हवेत न टांगता वस्तूला लावावा. मिश्रणाचे प्रमाण चुकले असल्यास ती उणीव उष्णता भरून काढीत नाही.

स्वयंपाकाचा ओव्हन या कामी वापरू नये. खोली हवेशीर असावी, राळ हाताळताना हातमोजे घालावेत आणि तापती पेटी सोडून कोणी दूर जाऊ नये.

४ जानेवारी २००१ रोजी प्रथम आकाशात झेपावलेल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कर्बतंतूंच्या संमिश्रांचा आहे. असे भाग दाब व उष्णता यांच्या भट्टीत पक्के करतात आणि तपासणीत उतरल्याविना विमानाला जोडीत नाहीत. घरच्या कारागिरानेही हाच दंडक पाळावा. भार देऊन पारखल्याविना कोणतीही वस्तू वापरात आणू नये, आणि जिच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, ती जाणकाराच्या तपासणीविना मुळीच नव्हे.