हिरवा थर घासू नका

आम्ही घाटकोपरच्या बचत गटाच्या बायका, शिवणकाम करतो. कापड सुती की रेशमी अशी शंका आली की कडेचा एक धागा काढून जाळतो. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर सूत. पण धागा तीन हजार वर्षांपूर्वीचा आणि जेमतेम चिमूटभर असेल तर? तो जाळून कसं चालेल!

नेवाशाला असेच धागे सापडले. तिथे 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलियांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांना चिकटलेले दोऱ्याचे अवशेषही. ए. एन. गुलाटी यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापसाचा तंतू तिथे पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, रेशमाचा गुळगुळीत. या दोऱ्यात दोन्ही निघालं, रेशीमही आणि कापूसही. लेकराच्या गळ्यात घालायची माळ कुणीतरी रेशमात ओवली होती. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं, दोऱ्यानेच सांगितलं.

हेच गुलाटी त्याआधी आमच्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत काम करत. ही प्रयोगशाळा 1924 सालची. मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा गुलाटी आणि टर्नर यांनी तपासला. चार हजार वर्षांहून जुनं कापड, आणि अस्सल कापसाचं! एका इंचात एकीकडे 60 धागे, दुसरीकडे 20. आम्ही शिवायला बसतो तेव्हा असं मोजायचं आमच्या डोक्यातही येत नाही.

एरवी मातीत कापड कधीच कुजून जातं. ही दोन्ही टिकली ती धातूमुळे. तांब्या-चांदीवर जो थर चढतो, त्यातले क्षार धाग्यात शिरतात आणि कुजवणारे जंतू तिथे वाढत नाहीत.

आता तुमच्याकडे विहीर खणताना, बांध घालताना तांब्याचं जुनं भांडं निघालं, तर आपला हात आधी चिंचेकडे जातो. तसं करू नका. घासलं की दोरा गेला. चुलीचा जुना कोळसा दिसला तर तोही फेकू नका. कोळशावरून काळ मोजता येतो. 1960च्या दशकात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी मोजणी होत असे. जमिनीत पुरलेलं मोलाचं काही सापडलं तर सरकारला कळवायचं, असा 1878 सालापासूनचा कायदाही आहे. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला सांगा. तोवर वस्तू हलवू नका, धुऊ नका. कुठे सापडली, किती हात खोल, हे मात्र गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.