पाण्याची मालकी आणि ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’

डेव्हिड लीन यांनी दिग्दर्शित केलेला आणि डिसेंबर 1962 मध्ये लंडनला प्रथम दाखवला गेलेला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा पावणेचार तासांच्या आसपासचा युद्धपट वाळवंटाच्या चित्रणासाठी ख्यातनाम आहे, आणि फ्रेडी यंग यांच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळाल्यापासून त्याच्यावरील बरेचसे लेखन वाळू, ऊन आणि क्षितिज यांच्याभोवतीच फिरत आले आहे. चित्रपटाचे पर्यावरणीय वाचन मात्र निसर्ग किती भव्य दिसतो एवढ्यावर थांबू शकत नाही. पाणी, चारा, सरपण आणि हवामान यांच्याशी माणसांचे कोणते व्यवहार पडद्यावर येतात आणि कोणते गाळले जातात, हे त्याला तपासावे लागते. त्या कसोटीवर हा चित्रपट वाळवंटाच्या बाबतीत बराच फसवा, पण पाण्याच्या बाबतीत नवल वाटावे इतका जाणता ठरतो.

पाण्याचा प्रश्न पहिल्याच विहिरीपाशी उभा राहतो. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स आणि त्याचा बदू वाटाड्या ताफस (उंट-मेंढ्या घेऊन वाळवंटात फिरणाऱ्या भटक्या अरबांना बदू म्हणतात) एका विहिरीवर थांबतात, ताफस पोहऱ्याने पाणी काढतो, आणि तेवढ्यात दूर क्षितिजावरच्या मृगजळात एक काळा ठिपका थरथरू लागतो. खास बनवून घेतलेल्या लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपलेला हा ठिपका कितीतरी वेळ जवळ येतच राहतो, त्याचा उंटस्वार होतो, मग गोळी सुटते आणि ताफस कोसळतो. उंटस्वार म्हणजे हरिथ टोळीचा शरीफ अली. विहीर त्याच्या टोळीची आणि ताफस दुसऱ्या टोळीचा, एवढे कारण त्याला पुरते, आणि मेलेला माणूस कोणीच नव्हता, विहीर हेच सर्वस्व, अशा अर्थाचे उत्तर तो लॉरेन्सला देतो.

ही हत्या पटकथेने रचलेली आहे. लॉरेन्सच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’ या ग्रंथात विहिरीवरची भेट आहे, टोळ्यांचे वैरही आहे, पण तेथे कोणाचा जीव जात नाही. शिवाय इस्लामी कायद्यात ‘शफा’, म्हणजे तहानेचा हक्क, ही कल्पना जुनी आहे: विहीर कोणाचीही असो, तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पिण्यापुरते पाणी नाकारता येत नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील ‘मजेल्ले’ या ऑटोमन दिवाणी संहितेनेही हा हक्क नोंदवलेला आहे. म्हणजे प्रसंग रूढीला धरून नाही. तरीही त्यातून कळणारी गोष्ट खरी आहे. टोळीच्या परंपरागत चराईच्या टापूला अरबीत ‘दीरा’ म्हणतात, आणि दीरेचे मोल जमिनीच्या विस्तारावर नव्हे तर तिच्यातील पाणवठ्यांवर ठरते, कारण पाण्याच्या वाटेपलीकडचे कुरण कितीही हिरवे असले तरी कळपाच्या उपयोगाचे नसते. ओसाड दिसणाऱ्या त्या पटांगणातील प्रत्येक कोसाला मालक आहे, हे प्रेक्षकाला याच प्रसंगात प्रथम समजते.

याच्या पुढचा प्रसंग मात्र चित्रपटाने हातचा घालवला आहे. अलीच्या आगमनाचे दृश्य जॉर्डनमधील अल् जफ्रच्या सपाट मैदानावर चित्रित झाले, आणि त्याच जफ्रच्या विहिरी 1917 च्या उन्हाळ्यात, तुर्कांविरुद्धच्या अरब उठावातील टोळीप्रमुख औदा अबू ताई आणि लॉरेन्स यांची तुकडी अकाबा बंदराकडे निघाली असताना, तुर्कांनी सुरुंग लावून बुजवल्या होत्या. वाटेवरच्या बाइर येथेही तसेच घडले होते, आणि जफ्रची एक विहीर मोठ्या कष्टाने उकरून काढल्यावरच पुढची वाट मोकळी झाली. पटकथेने हे वगळले आणि त्याऐवजी नफूद वाळवंटाची अशक्यप्राय भासणारी वाटचाल घातली. प्रत्यक्षातील मार्ग नफूदच्या कडेने गेला होता. या वाटचालीत मागे पडलेला गासिम (हिंदी चित्रपटांचे प्रेक्षक ज्यांना चांगले ओळखतात ते आय. एस. जोहर यांनी ही भूमिका केली आहे) तळपत्या उन्हात एकेक वस्तू टाकून देत एकटाच चालत राहतो, आणि त्या चालण्याचा परिणाम आजही ओसरलेला नाही. परंतु या बदलाने पाण्याची टंचाई सर्वस्वी सूर्याच्या माथी मारली गेली. इतिहासात तिच्यामागे माणसाने लावलेली दारूही होती, आणि युद्धाच्या पर्यावरणीय इतिहासात हा फरक लहान नाही.

वाळवंट आपल्याला का आवडते, तर ते स्वच्छ आहे म्हणून, असे लॉरेन्स एका पत्रकाराला सांगतो. त्याआधीच उठावाचा नेता अमीर फैसल याच्या तोंडी अगदी उलट विचार आलेला असतो: वाळवंटावर कोणी अरब प्रेम करत नाही, अरबांना पाणी आणि हिरवी झाडे प्रिय असतात. संवाद फैसलच्या बाजूचे, पण कॅमेरा लॉरेन्सच्या बाजूचा, ही या चित्रपटातील खरी विसंगती होय. ही स्वच्छता घडवावीही लागत होती: चित्रीकरणात उमटलेली पावले आणि चाकोऱ्या झाडून काढाव्या लागत, म्हणजे अस्पर्श वाळू ही झाडूने तयार केलेली वस्तू होती. तसेच या वाळवंटाला हिवाळा जवळजवळ नाहीच. लॉरेन्सच्या ग्रंथात 1917-18 च्या हिवाळ्यातील बर्फ, तफीलाच्या डोंगरातील गोठवणारी थंडी आणि तिच्यात मेलेले उंट पानोपानी येतात. त्याचा तरुण नोकर दाऊद अज्रकला थंडीने मेला, तर चित्रपटातला दाऊद सिनाईच्या रुतत्या वाळूत गडप होतो. उष्णता आणि वाळू यांखेरीज वाळवंटाला दुसरे हवामान असते, हे पाश्चात्त्य प्रेक्षकाला पटवण्याची तसदी पटकथेने घेतलेली नाही.

रेल्वेचेही तसेच झाले आहे. दमास्कसपासून मदिनेपर्यंत सुमारे 1300 किलोमीटर धावणारी, भारतीय मुसलमानांच्याही वर्गणीतून उभी राहून 1908 मध्ये पूर्ण झालेली हेजाझ रेल्वे येथे केवळ उडवून देण्यासाठी येते. युद्धकाळात कोळसा मिळेनासा झाल्यावर तिची इंजिने लाकडावर चालली, आणि शोबकजवळच्या ओकच्या वनातील लाकूड ओढण्यासाठी तुर्कांनी खास फाटा टाकला. त्या तोडीचा मागमूसही पडद्यावर नाही.

शेवटी चित्रपट पाण्याकडे परततो, आणि तेथे त्याची राजकीय समज पूर्ण प्रत्ययाला येते. दमास्कस हाती आल्यावर टोळ्यांची परिषद वीज, टेलिफोन आणि पाणीपुरवठा चालवू पाहते आणि भांडणात अडकते. तुर्की रुग्णालयात जखमी पाण्यावाचून पडलेले असतात. आणि अखेरच्या वाटाघाटीत निशाण अरबांचे, पण पाणीपुरवठ्याचे केंद्र ब्रिटिशांचे, असा सौदा बोलून दाखवला जातो. विहिरीसाठी माणूस मारणारी टोळी रानटी ठरते आणि शहराचे पाणी ताब्यात घेणारे साम्राज्य सुधारलेले ठरते, हा उपरोध रॉबर्ट बोल्ट आणि मायकेल विल्सन यांच्या पटकथेने शेरा न मारता मांडला आहे, आणि चित्रपटाचे सर्वांत टिकाऊ पर्यावरणीय विधान हेच मानावे लागते.

चित्रपटाच्या आणि युद्धाच्या जागांचे पुढे काय झाले, हेही या विषयातच मोडते. जॉर्डनमधील वादी रम 2011 पासून जागतिक वारसास्थळ आहे. स्पेनमध्ये अल्मेरिया प्रांतातील ज्या अल्गारोबिको किनाऱ्यावर नकली अकाबा उभारले गेले, तेथे संरक्षित निसर्गउद्यानाच्या हद्दीत 411 खोल्यांचे हॉटेल बांधले जाऊ लागले; न्यायालयाने 2006 मध्ये ते काम थांबवले आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जागा बांधकामास अपात्र ठरवली. लॉरेन्सने 1917 मध्ये जेथे तळ ठोकला त्या अज्रकची पाणथळ भूमी 1977 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, पण अम्मान शहरासाठी आणि शेतीसाठी भूजलाचा उपसा वाढत जाऊन 1992 पर्यंत तिचे झरे आटले. आज तिचा एक लहान भाग पंपाने पाणी सोडून ओला ठेवला जातो.