भाषा श्रमिकांच्या ओठी



भाषा आपोआप मरत नाही. तिच्या मरणामागेही आर्थिक आणि राजकीय कारणे असतात. न्यूझीलंडमधील माओरी समाजाचा इतिहास याची साक्ष देतो. आणि त्या मरणाशी झुंज कशी द्यावी, हे न्गोई पेफाइरंगी या लोकनेत्या गीतकर्त्रीचे जीवन सांगते.

उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील टोकोमारू बे येथे १९२१ साली त्यांचा जन्म झाला. माओरी जनतेची बहुतेक जमीन तोवर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेली होती. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना छड्या बसत. न्गोईंच्याच घराण्यातील टुइनी न्गावाई मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांच्या टोळ्या चालवीत आणि लोकप्रिय इंग्रजी चालींवर माओरी गीतेही रचीत. टुइनींच्या गायनपथकात न्गोईंची घडण झाली. गीत ही रिकामपणाची करमणूक नसून समाजाला एकत्र बांधणारे साधन आहे, हा संस्कार त्यांच्यावर तेथे झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रोजगारासाठी माओरी कुटुंबे शहरांत लोटली आणि घरातली भाषाही तुटत गेली. १९७९ साली न्गोईंनी काटेरिना माताइरा यांच्यासह 'ते आताआरंगी' ही भाषाशिक्षणाची चळवळ उभारली. रंगीत कांड्या हाती घ्यायच्या आणि केवळ माओरीतून बोलत शिकायचे, अशी तिची रीत. शिकविणाऱ्यांना पदवीची अट नव्हती. ज्यांच्या ओठी भाषा जिवंत होती, ते सामान्य जनच शिक्षक झाले.

१९८२ साली पाटेआ गावातील मांस गोठविण्याचा कारखाना बंद पडला. शेकडो कामगार बेकार झाले. त्याच वर्षी संगीतकार डॅल्व्हेनियस प्राइम न्गोईंकडे आले. तरुणांना त्यांच्याच आवडीच्या संगीतातून भाषेचा अभिमान द्यावा, या विचारातून 'पोइ ए' हे गीत जन्मले. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ते नाकारले, तेव्हा प्राइम यांनी ते स्वतःच काढले. पाटेआच्या माओरी मंडळाने गायिलेले हे गीत १९८४ साली देशात लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोहोचले.

या गीताने कारखान्याचे दरवाजे पुन्हा उघडले नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गीत पोटाला भाकर देत नाही. परंतु भांडवलाने निरुपयोगी ठरविलेल्या गावाला आपला आवाज साऱ्या देशाला ऐकविता आला, हे मोल लहान नाही. ज्याचा स्वाभिमान मोडला आहे, तो भाकरीसाठीही लढत नाही.

न्गोई १९८५ साली निवर्तल्या. माओरीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९८७ साली झाला. हा क्रम ध्यानी घ्यावा: आधी लोक उभे राहिले, मग कायदा आला. संसदेच्या पायऱ्या चढण्यापूर्वी ती भाषा श्रमिकांच्या वस्त्यांत पुन्हा बोलती झाली होती. चळवळीचे खरे बळ तेथेच असते.