निसर्गाचा चित्रपट आणि एकट्याचा कॅमेरा



चित्रपट म्हटला कीं दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिलेखक आणि त्यांच्या हाताखालचीं पांचपन्नास माणसें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. पण रानांतल्या वनस्पतींचें व पशुपक्ष्यांचें रक्षण व्हावें या हेतूनें जे चित्रपट निघतात, त्यांतले पुष्कळसे एकटाच मनुष्य काढीत असतो. कॅमेरा वाहणारा तोच, आवाज टिपणारा तोच आणि रात्रीं बसून तुकडे जोडणाराहि तोच. अशा माणसानें आपली सामग्री केव्हां बदलावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा प्रश्न मजपुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें टाकला. आमच्या चाकूर तालुक्यांत वडवळ नागनाथ येथें एक टेकडी आहे. तिला लोक बेट म्हणतात. औषधी वनस्पतींविषयीं तिची मोठी ख्याति असून उत्तरा नक्षत्रांत तेथें दुरून माणसें पाला खाण्यासाठीं येतात. श्रद्धेनें येतात हें खरें. पण ओरबाडलेलें झाड पुन्हां फुटतें कीं नाहीं, हें पाहावयास दुसऱ्या दिवशीं कोणी थांबत नाहीं. तें दाखविण्याचें काम या तरुणानें अंगावर घेतलें आहे. "गुरुजी, माझा कॅमेरा जुना झाला. एक एकर गहाण टाकून नवा घेऊं का?" असें तो विचारूं लागला. घरची कोरडवाहू जमीन सारी चार एकर!

त्याला मीं दादासाहेब फाळक्यांची हकीकत सांगितली. १९१२ सालीं दादासाहेब विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून विलायतेस गेले आणि त्यांनीं ५० पौंडांना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला. हें ऐकतांच त्याचा चेहरा खुलला. "थांब, पुढें ऐक," मीं म्हटलें. कॅमेरा हातीं आल्यावर दादासाहेबांनीं प्रथम हरिश्चंद्र काढला नाहीं. कुंडींत वाटाणे पेरून तिच्यापुढें त्यांनीं कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ अंकुराची वाढ टिपली. तयार झालेला चित्रपट मिनिटाहून थोडा मोठा. त्या काळीं सेकंदाला सुमारें १६ चित्रें धरलीं, तर एका मिनिटाचीं ९६० होतात. तीस दिवसांवर वांटलीं, तर दिवसाकाठीं ३२. यंत्राच्या किंमतीपेक्षां रोज त्या कुंडीपुढें जाऊन उभें राहण्याचा निग्रहच येथें अधिक खर्ची पडला. हा तुकडा मोजक्या लोकांना दाखविल्यावर पुढील चित्रपटासाठीं कर्ज मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपल्याकडील निसर्गपटाचा आरंभ त्या वाटाण्याच्या कुंडीपासून मोजावा, असें माझें स्वतःचें मत आहे. पंडित काय म्हणतील तें म्हणोत.

दादासाहेबांनीं कर्ज काढलें, कारण योजिलेलें काम त्या यंत्रावांचून होणारेंच नव्हतें. "तुझ्या कॅमेऱ्यानें होत नाहीं असें कोणतें काम आहे?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नवा कॅमेरा फोर-के चित्र काढतो." म्हणजे काय, तर १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या जागीं ३८४० गुणिले २१६०; बरोबर चौपट. परंतु हे ठिपके सांठवावयाचे कोठें? सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें एका तासाचें चित्रण ४५ गिगाबाइट जागा व्यापतें, आणि शहाण्या माणसानें त्याच्या दोन प्रती ठेवावयाच्या असतात. मग हार्ड डिस्क आल्या, पाठोपाठ नवा संगणकहि आला. इतकें करून दाखवावयाचें कोठें, तर गांवच्या शाळेच्या भिंतीवर. तेथें जुनें चित्र पुरेसें आहे.

मीं त्याचें चित्रण पाहिलें. फुलावरची मधमाशी सुरेख आली आहे, पण चित्र थरथरतें. मुळ्या ओळखणारी एक म्हातारी प्रत्येक झुडपाचें नांव सांगते. ऐकूं येतो तो मात्र वारा. उद्यां ती म्हातारी गेली, तर तीं नांवें कोणता कॅमेरा परत आणणार? येथें पाहिजे ती झटका न देतां फिरणारी भक्कम तिपाई आणि केसाळ वेष्टणाचा वेगळा मायक्रोफोन. या दोहोंसाठीं जमीन गहाण टाकावी लागत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र त्याचें म्हणणें मला मान्य करावें लागलें. पहाटे पिकांत उतरणारा हरणांचा कळप त्याच्या भिंगांत काळा डाग होऊन दिसतो. भिंगाचा छिद्रांक ५.६ वरून २.८ वर आणला, तर छिद्राचा व्यास दुप्पट आणि प्रकाश चौपट होतो. हें भूमितीचें काम आहे, कॅमेऱ्याची पेटी बदलून तें साधत नाहीं. पेटीची किंमत चार वर्षांत उतरते, चांगलें भिंग पुष्कळ वर्षें चालतें. पण दुरून टिपणारें तसलें भिंग लाखांच्या घरांत जातें. पुण्यास तीं दिवसाच्या भाड्यानें मिळतात. तिपाई व मायक्रोफोन त्यानें घेतले आहेत. भिंग पौषांत तीन दिवसांपुरतें आणावयाचें ठरलें आहे. तोंवर कळप रोज कोणत्या बांधावरून उतरतो, याची तो वहींत टिपणें ठेवीत आहे.