इंग्लंडच्या कामकऱ्यांची संघटना आणि तिचे दार



इंग्लंडच्या वैभवाच्या, तेथील गिरण्यांच्या व आगगाड्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या गिरण्या ज्यांच्या हातांनी चालल्या, त्या माणसांची कथा मात्र आपल्या कानांवर क्वचितच येते. ती आज मी थोडक्यात सांगणार आहे. दरिद्री माणसाजवळ धन नसते, शस्त्र नसते, वशिला नसतो. त्याच्याजवळ एकच बळ असू शकते, ते म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या दरिद्री माणसाची साथ. पण ही साथ कशी जोडावी, कशी टिकवावी आणि तीत कोणाला घ्यावे, हे शिकावयास इंग्लंडच्या कामकऱ्यांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१७९९ व १८०० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदे करून, मजुरी वाढवून घेण्यासाठी कामकऱ्यांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरविला. कायद्याच्या शब्दांत मालकांच्या कटासही मनाई होती. परंतु तुरुंगाची वाट तुडवावी लागली ती कामकऱ्यांनाच. फ्रान्सिस प्लेस नावाचा एक शिंपी व जोसेफ ह्यूम नावाचा पार्लमेंटचा सभासद यांच्या खटपटीने १८२४ साली हे कायदे रद्द झाले. दुसऱ्याच वर्षी नवा कायदा करून संपावर कडक निर्बंध घालण्यात आले. तरीपण संघ स्थापन करणे हा स्वतः गुन्हा उरला नाही.

कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्षात भोगता येणारा हक्क यांत किती अंतर असते, हे पुढील दहाच वर्षांत दिसून आले. डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथील शेतमजुरांची आठवड्याची मजुरी ९ शिलिंगांवरून ८ वर, ८ वरून ७ वर आणली गेली आणि पुढे ती ६ वर येणार असे सांगण्यात आले. तेव्हा जॉर्ज लव्हलेस व त्याच्या सोबत्यांनी संघ काढला. संघ काढणे बेकायदेशीर नव्हते. मग त्यांना पकडावयाचे कसे? संघात येणाऱ्यास शपथ दिली जात असे, एवढे निमित्त पुरेसे झाले. आरमारातील बंडाच्या वेळी, १७९७ साली, गुप्त शपथांविरुद्ध केलेला कायदा उकरून काढण्यात आला आणि १८३४ च्या मार्च महिन्यात या सहा जणांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची ऑस्ट्रेलियास रवानगी झाली. लंडनमध्ये हजारो कामकऱ्यांनी मिरवणूक काढून निषेध केला. दोन वर्षे हा पाठपुरावा चालू राहिला, तेव्हा कोठे १८३६ साली सरकारला त्यांना माफी द्यावी लागली.

त्याच १८३४ साली रॉबर्ट ओवेन याच्या प्रेरणेने साऱ्या देशातील सर्व धंद्यांचा एकच विशाल संघ उभारण्याचा प्रयत्न झाला. ओवेन हा न्यू लॅनार्क येथील गिरणीचा मालक होता. मजुरांच्या मुलांसाठी त्याने शाळा काढल्या होत्या. त्याचे हृदय थोर होते, कल्पना भव्य होती. परंतु वर्ष संपण्याच्या आतच तो संघ मोडकळीस आला. मालकांचा विरोध होताच. शिवाय एवढ्या मोठ्या संघाला पेलतील असे पैसे नव्हते, शिस्त नव्हती आणि पुढाऱ्यांत एकमत नव्हते. एका दयाळू माणसाच्या मोठेपणावर उभी राहिलेली चळवळ किती दिवस टिकते, याचा हा दाखला होय.

याच्या उलट चित्र पाहा. लँकेशायरमधील रॉचडेल या विणकरांच्या गावी १८४४ साली २८ माणसांनी एक मंडळी स्थापन केली. त्या काळी कित्येक ठिकाणी मजुरी रोख न देता मालकाच्या दुकानातील माल देण्याची रीत होती. १८३१ च्या कायद्याने तिला बंदी झाली, तरी ती लगेच नाहीशी झाली नाही. इतर दुकानांतही उधारीचा फास होता, आणि माल म्हणावा तर पिठात तुरटी व चहात एकदा उकळलेली पाने. या २८ जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स अशी वर्गणी टाकीत २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी सायंकाळी टोड लेन नावाच्या गल्लीत आपले दुकान उघडले. दुकानात होते काय? थोडे पीठ, थोडे लोणी, थोडी साखर व ओटचे पीठ. लोकांनी त्यांची थट्टा केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि तराजू हाती धरला.

त्यांचे नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. माल शुद्ध असावा व वजन पुरे असावे. व्यवहार रोखीने व्हावा. भांडवलावर ठराविक व्याजच मिळावे आणि राहिलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटला जावा. म्हणजे समजा, एका घराने वर्षभरात १० पौंडांचा माल नेला व दुसऱ्याने ५ पौंडांचा, तर पहिल्यास दुप्पट वाटा मिळावयाचा. मग भाग कोणाचे किती आहेत याचा येथे प्रश्न नाही. आणि मत? ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक, हा सावकारीचा नियम त्यांनी मोडून काढला. प्रत्येक सभासदाला एकच मत, स्त्री सभासदालाही एकच. लक्षात घ्या, त्या वेळी इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची स्वतःची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची समजली जात असे. पुढे या मंडळीने नफ्याचा अडीच टक्के भाग शिक्षणासाठी राखून ठेवला आणि वाचनालय चालविले. २८ सभासदांची ही मंडळी १८५० साली ६०० सभासदांची झाली. १८६३ साली अशा मंडळ्यांनी मिळून आपली घाऊक खरेदीची संस्था काढली.

परंतु येथेच थांबलो तर मी आपणांस अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. रोखीचा नियम चांगला खरा; पण ज्याच्या हाती आठवड्याच्या मध्यावर एक पेनीही उरत नसे, त्या अतिदरिद्री माणसाला त्या दुकानाची पायरी चढणे कठीण होते. कामगार संघांचेही तसेच झाले. १८५१ साली यंत्र-कारागिरांचा बलाढ्य संघ स्थापन झाला. त्याची वर्गणी आठवड्याला एक शिलिंग. आजारात व बेकारीत तो सभासदाला पोसत असे. पण उमेदवारी करून शिकलेल्या कारागिरालाच त्यात प्रवेश. हमालाला, झाडूवाल्याला, स्त्रियांना नाही. १८७१ च्या कायद्याने संघांना पूर्ण मान्यता मिळाली, तरी बहुसंख्य मजूर दाराबाहेरच उभे होते.

ते दार उघडले बाहेरच्यांनीच. १८८८ साली पूर्व लंडनमधील ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कारखान्यातील सुमारे १४०० स्त्रिया व मुली संपावर गेल्या. तेथे फॉस्फरसच्या विषाने जबड्याची हाडे कुजत आणि क्षुल्लक कारणावरून मजुरीतून दंड कापला जाई. पुढे हिंदुस्थानात प्रसिद्धीस आलेल्या ॲनी बेझंट यांनी त्यांची बाजू वृत्तपत्रातून मांडली होती. दंड रद्द झाले आणि त्या मुलींनी आपला संघ काढला. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या गोदीतील हमालांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी पाच आठवडे संप केला. निधी आटत आला तेव्हा ऑस्ट्रेलियातील कामकऱ्यांनी व सहानुभूती बाळगणाऱ्या इतरांनी सुमारे ३० हजार पौंड पाठविले. ज्या देशात टॉलपडलच्या मजुरांना बेड्या घालून नेले होते, त्याच देशातून ही मदत आली आणि संप जिंकला गेला.

दाराबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. ती मुंबईच्या गिरण्यांतही आली. तिकडे ती केवळ एक घाणेरडी व रोगट रीत होती. इकडे तिचे निमित्त करून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यातून, म्हणजे अधिक मजुरीच्या कामापासून, दूर ठेवण्यात आले, आणि तेही त्याच्याच बरोबरीने राबणाऱ्या कामगारांकडून. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो याचसाठी. जो संघ मालकाकडे न्याय मागतो, त्याने प्रथम आपल्या सभासदांत न्याय केला पाहिजे.

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीत पतपेढी निघो, ग्राहक मंडळी निघो वा कामावर संघ निघो, त्यात जरूर सामील व्हा; पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय राहू नका. हिशेबाची वही सर्वांस पाहावयास मिळते काय? प्रत्येकास, घरातील बाईलाही, एक मत आहे काय? आणि आपल्याहून गरीब असलेला, आपण ज्याला मागचा समजतो तो, आत येऊ शकतो काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर इतरांकडून घ्या. तिसऱ्याचे उत्तर आपल्यालाच द्यावयाचे आहे.