अर्धवट औषधाचा हिशेब

(पनवेल येथील अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिजैविके निकामी होत चालली, याचे खापर बहुधा रोग्याच्या माथी फोडले जाते. तो अडाणी आहे, बरे वाटताच गोळ्या टाकून देतो, उरलेल्या शेजाऱ्याला देतो, चिठ्ठीविना दुकानातून औषध मागतो. यांतले एकही विधान खोटे नाही. परंतु तो असे का करतो, हा प्रश्न वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचा आहे.

पनवेलच्या नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहणारा मजूर घ्या. ताप आला की त्याचा रोज बुडतो. दवाखान्याच्या रांगेत बसावे तर पुढचाही बुडण्याची धास्ती. तेव्हा तो औषधाच्या दुकानात जातो आणि पाच दिवसांच्या गोळ्यांऐवजी खिशाला परवडतील तेवढ्या घेतो. पुष्कळदा त्याचा ताप विषाणूंचा असतो. त्यावर प्रतिजैविकाचा काडीइतका उपयोग नसतो. ताप आपोआप उतरतो आणि त्या दोन गोळ्यांनीच गुण आला, अशी त्याची खात्री पटते. पुढच्या खेपेस तो तीच गोळी नावाने मागतो. दरम्यान त्याच्या आतड्यांतले दुबळे जंतू मेलेले असतात, चिवट तेवढे उरून वाढलेले असतात. त्याचे ज्ञान चुकीचे खरे; पण ते अनुभवातून आलेले आहे, आणि नुसत्या भित्तिपत्रकाने ते पुसले जाणार नाही.

क्षयरोगात हा हिशेब अधिक क्रूर होतो. साध्या क्षयावरचा उपचार सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस कामावर जातो आणि औषध सुटते. या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. उपचाराचे वेळापत्रक आणि पोटाचे वेळापत्रक यांचा मेळच बसत नाही.

आणि डॉक्टरांचे काय? धारावीतील शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळे उपचार लिहून दिल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झाले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०६ पैकी अवघ्या सहांची चिठ्ठी बरोबर निघाली. पुढे हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदविले (२०१२). त्यांतील तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवीत, अनेकदा चुकीच्या मात्रेत दिले होते. जाणत्यांची ही तऱ्हा, तर नाक्यावरच्या मजुराला कोणत्या तोंडाने बोल लावावा?

कुष्ठरोगाचा इतिहास याहून आशादायक आहे. पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा चालते, म्हणून येथे तो सांगणे अस्थानी नाही. वर्षानुवर्षे एकट्या डॅप्सोनवर भिस्त ठेवल्याने जंतू त्याला जुमानेनासे झाले. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ती फुकट, ठरावीक मुदतीची आणि कार्यकर्त्याच्या देखरेखीखाली दिली गेली, तेव्हा हाच 'अडाणी' रोगी उपचार पुरा करू लागला.

क्षयरोग्याच्या पोषणासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देई. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. दिवसाला तेहतीस रुपये! बुडालेल्या रोजाची भरपाई यात कोठेच नाही, आणि मागणी त्या भरपाईचीच हवी. दुसरे काम आपल्या हातचे आहे. दिवाळीपूर्वी वाड्यावाड्यांतून औषध चालू असलेल्यांची यादी, त्यांच्या संमतीने, करावी आणि ते ज्या भट्टीवर जाणार तेथील आरोग्यकेंद्राला ती कळवावी.