केसलापूरचा दरबार : आदिलाबाद जिल्ह्यातील लोकजागृतीचा एक धागा

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून आदिलाबाद जिल्ह्याविषयी बोलले जावे, याचे काहींना नवल वाटेल. तो जिल्हा आज तेलंगणात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. परंतु १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके याच जिल्ह्यात मोडत. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी बोलली जाते, आणि तेथील गोंडांचे भाट असलेल्या परधानांपैकी अनेकांची मायबोली मराठी आहे. लोकांनी एकत्र जमावे, आपले गाऱ्हाणे शब्दांत मांडावे आणि ते सत्तेच्या कानी घालावे, या क्रियेला पुस्तकी भाषेत लोकजागृती म्हणतात. ती क्रिया किती अवघड असते, हे समजून घ्यायला आदिलाबादइतका उद्बोधक मुलूख दुसरा क्वचितच सापडेल.

निझामी राज्यात सभा भरवणे हीच मुळात अपवादाची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले. अशा राज्यात उघड राजकारणाला जागा नसते, म्हणून ते वाचनालयात, व्यायामशाळेत आणि गणेशोत्सवाच्या मंडपात आश्रय घेते. हैदराबादेत १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय निघाले. १९०७ मध्ये केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. पुढे १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. ही कहाणी मराठवाड्याच्या वाचकांना परिचित आहे. तिचा नायक बहुधा वकील, शिक्षक वा विद्यार्थी असतो, म्हणजे ज्याला अर्ज लिहिता येतो असा माणूस.

ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्याच काळात आदिलाबादच्या डोंगरांत उभा होता. राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गोंडांची रानेही त्यांत गेली. त्यांच्या हाती पट्टा नव्हता, कारण पट्ट्याची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती. गुरे चारायची तर कर आणि लाकूड तोडायचे तर दंड. ज्यांना कागद कळत होता असे बाहेरचे लोक रीतसर नोंदी करून त्याच जमिनींचे मालक झाले. कोणी जबरदस्तीने नव्हे, तर नुसत्या नोंदवहीच्या जोरावर एखाद्या समाजाची जमीन जाऊ शकते, हे येथे स्पष्ट दिसते.

कुमरम भीम यांचा उठाव या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. आसिफाबाद भागातले हे गोंड तरुण घर सोडून चंद्रपूरकडे गेले आणि विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याच्या आश्रयाने लिहा-वाचायला शिकले, अशी कथा सांगितली जाते. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी. पण लोकस्मृतीने आपल्या वीराला तलवार देण्याआधी अक्षरे दिली, ही गोष्ट ग्रंथालयाच्या सभासदांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. परतल्यावर भीम यांनी बाबेझरी-जोडेघाट परिसरातील बारा गावांच्या हक्कांचा प्रश्न हाती घेतला. जल, जंगल, जमीन ही त्रयी आज त्यांच्याच नावाशी जोडली जाते. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्यांचे साथीदार मारले गेले.

या गोळीबाराचा परिणाम मात्र विलक्षण झाला. हे असे का घडले, याचा शोध घेण्याची बुद्धी निझाम सरकारला झाली आणि ते काम ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते हिंदुस्थानात होते आणि जर्मन पारपत्रामुळे इंग्रजांच्या लेखी शत्रुपक्षाचे नागरिक ठरले होते. हैदराबादने त्यांना आसरा दिला आणि त्यांनी पत्नी एलिझाबेथ यांच्यासह मार्लवाई या गोंड खेड्यात मुक्काम ठोकला. जमिनीचे पट्टे हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावे व्हावेत यासाठी त्यांनी सरकारदरबारी धरलेला आग्रह फळाला आला. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत होती आणि लिपी होती देवनागरी. त्या डोंगरांत व्यवहाराची दुसरी भाषा मराठी होती, तेव्हा ही निवड स्वाभाविकच म्हणावी लागेल. परकीय सल्लागाराच्या हातून, एका संस्थानिकाच्या खर्चाने प्रजेला अक्षरओळख व्हावी, यात विसंगती आहे खरी; पण इतिहास आपल्या सोयीने सुसंगत होत नाही.

या कामात एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते, ते सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे अभ्यासक म्हणून वाचक त्यांना ओळखतात. उर्दू काव्याचे रसिक म्हणूनही ओळखतात. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम केले, त्यांची भाषा शिकून घेतली, १९४९ मध्ये त्या लोकांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. अर्जदाराच्या भाषेत अर्ज ऐकून घेणारा अधिकारी ही चीज तेव्हाही दुर्मीळ होती.

आता केसलापूरकडे वळू. इंदरवेल्लीजवळच्या या खेड्यात पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा हे मेसराम कुळाचे दैवत. महाराष्ट्रात हेच आडनाव मेश्राम होऊन भेटते. कुळातील माणसे पायी चालत कलमडुगूजवळच्या हस्तिनमडुगू येथून गोदावरीचे पाणी आणतात. वाटेत कलश जमिनीवर टेकू द्यायचा नाही, असा दंडक आहे. सिरिकोंड्याच्या कुंभारांनी घडवलेली मडकी पूजेला लागतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांना देवापुढे आणून कुळाची ओळख करून देतात, त्या विधीचे नाव ‘भेटिंग’. या शब्दातली मराठी ‘भेट’ कुणालाही ऐकू यावी.

जत्रेला हजारो लोक आपसूक जमतात, तेव्हा त्यांना कचेरीत बोलावण्याऐवजी कचेरीनेच जत्रेत का जाऊ नये, असा विचार हायमेनडॉर्फ यांनी मांडला आणि चाळीसच्या दशकात केसलापूरला दरबार भरू लागला. अधिकारी एका बाजूला बसत, पाटील व पंच दुसऱ्या बाजूला. जमिनीची, विहिरीची, रस्त्याची, शाळेची गाऱ्हाणी सर्वांसमक्ष मांडली जात. सर्वांसमक्ष, हाच या रचनेतला खरा गुण. कचेरीत एकट्याने दिलेला अर्ज फायलीत हरवतो. हजार माणसांच्या देखत दिलेले उत्तर पुढच्या वर्षी त्याच हजारांना आठवते. राज्ये बदलली तरी हा प्रघात टिकून राहिला.

परंतु दरबाराचे गुणगान करताना त्याची मर्यादा झाकून चालणार नाही. १९५६ नंतर जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, शाळांतून तेलुगू आली आणि देवनागरीतल्या गोंडी पुस्तकांची परंपरा खुंटली. तेलुगूवर रोष धरण्याचे कारण नाही. राज्याची भाषा शिकणे हे नागरिकाच्या हिताचेच असते. पण मुलाच्या आणि अक्षराच्या मधला पूल काढून घेतला गेला, ही हानी खरी. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम आला, १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरी जमिनी जातच राहिल्या. हायमेनडॉर्फ वृद्धापणी परत आले तेव्हा आपल्या हयातीतच केलेले काम पुसले जात असलेले त्यांना पाहावे लागले, आणि १९८२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते खेदाने नोंदवले.

केसलापूरपासून थोड्याच अंतरावर इंदरवेल्ली. २० एप्रिल १९८१, सोमवार, बाजाराचा दिवस. गिरिजन रयतू कुली संघम् या संघटनेने जमिनीच्या प्रश्नावर सभा बोलावली होती. परवानगी नाकारली गेली, पण गावोगावचे गोंड निघाले होते ते आलेच. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. पुढे कित्येक वर्षे २० एप्रिलला तेथे जमावबंदी लागू होत असे आणि स्मृतिस्तंभाला फूल वाहायलाही बंदोबस्तातून वाट काढावी लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तेथे स्मृतिस्थळाच्या कामाचा आरंभ झाला. एकाच परिसरात, त्याच लोकांची, त्याच मागण्यांची सभा जत्रेत भरली की दरबार ठरते आणि बाजारात भरली की बेकायदा जमाव ठरते. फरक मागणीत नव्हता, सभा कोणी बोलावली यात होता. गश्ती निशाण ५३ चा काळ सरून तेव्हा तीन दशके लोटली होती.

अक्षरांच्या बाजूने मात्र एक आनंदाची वार्ता सांगता येते. नारनूर भागातील गुंजाळा या गावी गोंडांकडे जपून ठेवलेली जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली. त्यांतील लिपी देवनागरीही नव्हे, तेलुगूही नव्हे. ती गोंडीची स्वतंत्र लिपी निघाली. गुंजाळा गोंडी या नावाने २०१८ मध्ये संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत तिचा समावेश झाला. ज्यांना निरक्षर म्हणून मोजले, त्यांच्या घरात पोथ्या होत्या. ग्रंथालयांच्या सूचींत मात्र त्यांची नोंद नव्हती.

शेवटी पुन्हा बारा गावांकडे यावे लागते, पण ही बारा गावे निराळी. जोडेघाट ज्या केरामेरी मंडलात येते, त्याच्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्याच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा आदी गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. काही जण ही संख्या चौदा धरतात. वस्ती बहुतांशी मराठी भाषकांची. एकाच गावात मराठी शाळाही आणि तेलुगू शाळाही. दोन शिधापत्रिका, दोन ओळखपत्रे, आणि मतदानही दोन्ही राज्यांच्या निवडणुकांत. बाहेरच्या माणसाला ही चैन वाटते. तेथल्या शेतकऱ्याची मागणी मात्र गेली अनेक दशके एकच आहे : कसत असलेल्या जमिनीचा पट्टा. दोन सरकारे असूनही तो पट्टा कोणी द्यायचा, हे ठरत आलेले नाही.